टूरिंग कार शर्यती : नव्या संघात गेल्यावर स्वतःचा सेटअप किती धरून ठेवावा?

धागालेखक

नमस्कार.

१/१० मापाच्या, विजेवर चालणाऱ्या आरसी (रिमोटवरच्या) टूरिंग कारच्या शर्यतींत मी गेली सहा वर्षे एकटाच उतरत होतो. या हंगामाच्या सुरुवातीला चार जणांच्या एका संघाने मला पाचवा म्हणून बोलावले आणि मी आनंदाने होकार दिला. संघातले सगळे एकाच बनावटीचे चॅसिस वापरतात. त्यामुळे जुनी गाडी मला बाजूला ठेवावी लागली आणि सहा वर्षांत जमवलेला सुट्या भागांचा डबाही तिच्याबरोबर गेला. त्याचे वाईट वाटले, पण ते अपेक्षितच होते. पहिल्या स्पर्धेत जे झाले ते मात्र अपेक्षित नव्हते, म्हणून हा धागा.

वर्ग १३.५ टर्नचा (मोटरमधल्या तारेचे वेढे) स्टॉक होता, म्हणजे मोटर सगळ्यांच्या जवळपास सारख्या, स्पीड कंट्रोल शून्य टायमिंगवर होते, म्हणजे मोटरला इलेक्ट्रॉनिक जादा जोर नव्हता, ट्रॅक काळ्या कार्पेटचा होता आणि टायर आयोजकांनी सगळ्यांना एकाच जातीचे दिले होते. संघाने मला आपली मूळ सेटअप शीट (गाडीची जुळणी कशी ठेवायची याचा कागद) दिली होती आणि मी गाडी तिच्याबरहुकूम बांधली होती. पहिल्याच सराव सत्रात वळणात शिरताना गाडीचे नाक आत यायला तयार नव्हते. माझ्या हाताला सवय आहे ती वळण सुरू होताच तीक्ष्णपणे आत शिरणाऱ्या गाडीची. पुढचे सत्र चाळीस मिनिटांवर होते. त्या वेळात मी पुढच्या स्प्रिंग मऊ केल्या, मागचा ड्रूप (चाक किती खाली लोंबू शकते ते अंतर) वाढवला आणि बॉडी तीन मिलिमीटर पुढे सरकवली. तिन्ही बदल एकदम केले आणि कोणालाही विचारले नाही.

पुढच्या सत्राचे पहिले मिनिट सुरेख गेले. दुसऱ्या मिनिटानंतर मागची बाजू सुटू लागली आणि शेवटच्या मिनिटाला तर सरळ पट्ट्यावरून ब्रेक लावतानाही मला भीती वाटत होती. क्वालिफाइंगच्या चार फेऱ्यांपैकी तीन फेऱ्यांत मी कठड्यावर आदळलो. दोन सहकारी ए-मेनमध्ये (सर्वांत वेगवान चालकांच्या अंतिम शर्यतीत; त्याखाली बी, मग सी) गेले, दोन बी-मेनमध्ये, आणि मी सी-मेनमध्ये आठव्या जागेवरून निघालो.

सर्वांत जास्त लागले ते निराळेच. तिसऱ्या फेरीनंतर संघातला सर्वांत अनुभवी गडी माझ्या टेबलाशी आला, गाडी उचलून त्याने उलटी धरली आणि शांतपणे विचारले, "आत्ता या गाडीत नेमके काय काय आहे?" मला पूर्ण उत्तर देता आले नाही. मधल्या दोन फेऱ्यांत मी रोल सेंटरच्या (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती कलते त्याची उंची ठरवणाऱ्या) शिम, म्हणजे पातळ चकत्या, कुठे काढल्या आणि कुठे घातल्या हे मला खात्रीने सांगता येत नव्हते. त्याने गाडी परत ठेवली आणि तो निघून गेला. तो रागावला नाही, पण मदतही करू शकला नाही.

माझा प्रश्न असा : नव्या संघात गेल्यावर स्वतःच्या हाताची ओळख किती जपावी आणि संघाचे किती निमूटपणे स्वीकारावे? संघात राहून शर्यती केलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद १

तुमच्या सहकाऱ्याने विचारलेल्या प्रश्नातच संघाचा सगळा अर्थ आहे. संघ म्हणजे सुटे भाग सवलतीत मिळणे किंवा एका रंगाचे शर्ट घालणे नव्हे. पाच गाड्या एकाच ठिकाणाहून सुरू होतात, म्हणून एका गाडीवर केलेला बदल उरलेल्या चौघांनाही काहीतरी शिकवतो. एकट्याने शर्यत करणाऱ्याला दिवसाला सरावाची चार सत्रे मिळत असतील, तर पाच जणांच्या संघाला वीस मिळतात. पण ती वीस म्हणून मोजायची असतील तर पाचही गाड्यांचा पाया एक हवा. तुम्ही तीन बदल एकदम केलेत त्या क्षणी तुमची गाडी त्या वीसमधून बाहेर पडली. तुमची चार सत्रे तुमची राहिली आणि संघाची सोळा संघाची.

माझा सल्ला असा की पहिल्या तीन स्पर्धा मूळ सेटअपवरच धावा. गाडी आवडली नाही तरी धावा. आपला वर्ग पाच मिनिटांच्या फेऱ्यांचा आहे. ट्रॅकचा एक फेरा पंधरा सेकंदांचा धरला तर एका फेरीत वीस फेरे होतात. फेऱ्यामागे एक दशांश सेकंद कमावणारा सेटअप सापडला, तर पाच मिनिटांत दोन सेकंद मिळतात. गाडी एकदा उलटली आणि मार्शलने धावत येऊन ती सरळ केली, तर साधारण चार ते सहा सेकंद जातात. म्हणजे एक अपघात दोन दशांशांचे सगळे कष्ट धुऊन नेतो. नव्या चॅसिसची सवय होईपर्यंत वेगामागे न लागता वीसच्या वीस फेरे स्वच्छ काढणे हेच कमावण्यासारखे काम आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. "नाक येत नाही" हे तुम्हाला वाटले ते खरेच असणार, पण संघाला त्यातून पुरेसे कळत नाही. थ्रॉटल सोडल्यावर येत नाही, की वळणाच्या मध्यावर गाडी नुसती वाहत असताना, की थ्रॉटल पुन्हा देताना? हळू वळणात की वेगवान? पहिल्या मिनिटात की शेवटच्या? या चार प्रश्नांची उत्तरे दिलीत तर अनुभवी माणूस गाडीला हात न लावता निम्मे निदान करतो. आमच्या संघात नवा चालक आला की पहिले दोन महिने त्याला आम्ही एवढेच शिकवतो. उतरल्याबरोबर, ट्रान्समीटर ठेवायच्याही आधी, त्याने ही चार उत्तरे द्यायची आणि एकाने ती लिहून घ्यायची. पाच मिनिटांनी विचारले तर तो शेजाऱ्याचे मत स्वतःचे म्हणून सांगतो; असे अनेकदा पाहिले आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. सेटअप हा शेवटी हाताचा असतो. एक चालक वळणाच्या अलीकडे थ्रॉटल सोडून गाडी मोठ्या कमानीत वाहू देतो, दुसरा उशिरा ब्रेक लावून गाडी जागेवर वळवतो आणि लवकर बाहेर निघतो. दोघांचा फेरा पंधरा सेकंदांचाच होतो, पण पहिल्याची गाडी दुसऱ्याच्या हाती दिली तर तो तीन फेऱ्यांत कठड्यावर जाईल. मी एका संघात दीड वर्ष होतो. तिथे पायाचा सेटअप म्हणजे संघातल्या सर्वांत वेगवान चालकाचा सेटअप होता. तो त्याच्यासाठी उत्तम होता आणि आमच्यापैकी कोणासाठीच नव्हता. दीड वर्ष आम्ही त्याच्या हाताची नक्कल करत राहिलो आणि आमचा वेग वाढला नाही.

म्हणून धागालेखकांना मी सांगेन की निमूटपणे काहीच स्वीकारू नका. तीन बदल एकदम केलेत ही चूक होती, पण बदल करावासा वाटणे ही चूक नव्हती. एक बदल करा, एक सत्र धावा, लिहून ठेवा आणि मग पुढचा करा. संघाला हे मान्य नसेल तर तो संघ तुमच्या उपयोगाचा नाही.

प्रतिसाद ३

दोन्ही बाजू वाचल्या. यात थोडा इतिहास आणावासा वाटतो, कारण या प्रश्नाचे उत्तर जागतिक पातळीवर अनेकदा मिळाले आहे.

विजेवरच्या टूरिंग कारची जागतिक स्पर्धा इफ्मार ही मॉडेल गाड्यांच्या शर्यतींची आंतरराष्ट्रीय संस्था १९९८ पासून दर दोन वर्षांनी भरवत आली. त्यात जर्मनीच्या मार्क राइनार्डने २००४, २००८ आणि २०१० अशी तीन विजेतेपदे मिळवली, तिन्ही टामिया या कंपनीच्या गाडीवर. मग २०१२ साली नेदरलँड्समधल्या हेमस्टेडे इथे पुन्हा टामियाच जिंकली, पण चालक बदलला होता. विजेता त्याच संघातला डच चालक ग्रोस्काम्प होता. लागोपाठ तीन स्पर्धा एकाच संघाच्या गाडीने जिंकल्या आणि त्या दोन वेगवेगळ्या हातांनी जिंकल्या. पाया एक आणि हात दोन, हे शक्य आहे याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. पुढे राइनार्ड टामिया सोडून गेला आणि इन्फिनिटीच्या गाडीवर दिसू लागला. तीन वेळचा जगज्जेताही नव्या संघात गेला की नवे चॅसिस हाताखाली घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून नोंदी करतो.

आता हाताचा मुद्दा. प्रतिसाद २ मधला अनुभव खरा आहे, पण त्यावरचा उपाय चॅसिसवर शोधण्याआधी ट्रान्समीटरमध्ये शोधावा असे मला वाटते. स्टीअरिंगचा ड्युअल रेट (चाके जास्तीत जास्त किती वळतील), एक्स्पोनेन्शियल (मध्याजवळ हाताला गाडी किती हळुवार प्रतिसाद देईल), सर्व्होचा वळण्याचा आणि परतण्याचा वेग, ब्रेकचे प्रमाण, ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडताच आपोआप लागणारा हलका ब्रेक) या सगळ्या गोष्टी चालकाच्या आहेत. त्या बदलल्याने गाडीचा पाया हलत नाही आणि सहकाऱ्याशी तुलनाही बिघडत नाही. आमच्या संघात नियमच आहे : ट्रान्समीटरमधले सारे चालकाचे, चॅसिसवरचे सारे संघाचे. चॅसिसवरच्या एकाही स्क्रूला हात लावायचा असेल तर आधी दुसऱ्याला सांगायचे. परवानगी मागायची नसते, नुसते सांगायचे असते. तेवढ्यानेच आपोआप एका वेळी एकच बदल होतो, कारण तीन बदल एका दमात सांगताना माणूस स्वतःच अडखळतो.

धागालेखकांना तीक्ष्ण शिरणारी गाडी हवी होती. ड्रॅग ब्रेक चार-पाच टक्क्यांनी वाढवला असता तरी थ्रॉटल सोडताच वजन पुढे येऊन नाक थोडे आत आले असते, आणि पसंत पडले नसते तर तो दोन सेकंदांत पूर्ववत करता आला असता.

प्रतिसाद ४

सगळे जण सेटअपबद्दल बोलत आहेत, पण एका गोष्टीची खात्री कोणीच करून घेतलेली दिसत नाही. धागालेखक म्हणतात, "गाडी शीटबरहुकूम बांधली होती." माझ्या अनुभवात शीट सारखी असूनही गाड्या सारख्या नसणे ही नव्या चालकाची पहिली अडचण असते. मी संघातल्या गाड्या बांधायचे आणि तपासायचे काम करते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

मागचा गिअर डिफ (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी, तेल भरलेली गिअरपेटी) घ्या. शीटवर तेलाच्या घट्टपणाचा आकडा लिहिलेला असतो, किती तेल ते लिहिलेले नसते. एक जण आडव्या पिनपर्यंत भरतो, दुसरा काठोकाठ. दोघांचा आकडा एकच, पण चाक हातात धरून फिरवले तर एकाचे डिफ सुळकन फिरते आणि दुसऱ्याचे मधासारखे. आम्ही डिफ रिकामे असताना आणि भरल्यावर छोट्या काट्यावर तोलतो आणि आतल्या तेलाचे वजन लिहितो. तेल ओतल्यावर गिअर हळूहळू फिरवून बुडबुडे वर येऊ द्यावे लागतात. त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि घाईत असलेला माणूस नेमकी तीच वाचवतो.

शॉकचे तसेच. पुढचे दोन्ही शॉक गाडीवरून काढून शेजारी शेजारी धरा, दोन्ही दांडे एकदम आत दाबा आणि सोडा. दोन्ही सारख्या वेगाने सारख्याच लांबीपर्यंत बाहेर आले पाहिजेत. एक मिलिमीटरचाही फरक असेल तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरीच वागते, आणि चालक बिचारा स्प्रिंग बदलत बसतो.

आणि ट्वीक, म्हणजे चॅसिसला बसलेला पीळ. कठड्यावर तीनदा आदळलेली गाडी सरळ राहिली असेल यावर माझा विश्वास नाही. अँटी-रोल बारचे (गाडीचे कलणे आवरणाऱ्या तारेचे) दुवे सोडा, गाडी अगदी सपाट फरशीवर ठेवा आणि चॅसिसच्या पुढच्या टोकाच्या बरोबर मध्यावर पातळ पाते घालून ती हळूहळू उचला. डोळे फरशीच्या पातळीवर आणा. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी फरशी सोडतात का ते पाहा. एक चाक सुटले आणि दुसरे अजून टेकलेले असेल, तर चॅसिसला पीळ बसला आहे. बहुतेक वेळा काही तुटलेले नसते, नुसता वरचा डेक (चॅसिसची वरची पट्टी) आपल्या जागेवर तसूभर सरकलेला असतो. डेकचे स्क्रू सैल करा, गाडी फरशीवर सपाट दाबून धरा आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करा. मागच्या बाजूलाही तेच करा. प्रत्येक अपघातानंतर हे केले पाहिजे. संघात असण्याचा एक फायदा म्हणजे एकाने उचलायचे आणि दुसऱ्याने पाहायचे. एकट्याला हे नीट जमत नाही.

शेवटचे पण सर्वांत मोठे म्हणजे टायर. काळ्या कार्पेटवर रबरी टायरला ॲडिटिव्ह (पकड वाढवणारा द्रव) लावतात. किती मिनिटे ठेवता, टायर तापवणारा वॉर्मर किती अंशांवर असतो, पुढच्या टायरच्या पूर्ण रुंदीला लावता की फक्त आतल्या अर्ध्या भागाला, पुसता कधी? पुढच्या टायरला अर्धेच लावले तर सुरुवातीला नाक सुस्त राहते आणि टायर तापला की ते हळूहळू येऊ लागते. तुम्ही वर्णन केलेले पहिले लक्षण मला तसेच वाटते. सहकाऱ्यांची पद्धत आणि तुमची पद्धत एकच होती का?

प्रतिसाद ५

प्रतिसाद ४ ला पूर्ण अनुमोदन. त्यात गिअरिंगची एक भर घालतो, कारण स्टॉक वर्गात मोटर सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात आणि सहकाऱ्याचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) पाहून तोच लावण्याचा मोह होतो.

स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) ९६ दात, पिनियन ४२ दात आणि गाडीचे आतले गुणोत्तर १.९ असेल, तर अंतिम गुणोत्तर सुमारे ४.३४ येते. टायरचा व्यास ६३.५ मिलिमीटर असेल, तर मोटरच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ४६ मिलिमीटर पुढे जाते. तोच टायर झिजून ६२.५ वर आला की हे अंतर सुमारे ४५.२ होते, आणि राइड हाइटही (चॅसिसची जमिनीपासूनची उंची) अर्ध्या मिलिमीटरने खाली येते. म्हणजे सहकारी नव्या टायरवर आणि तुम्ही जुन्या टायरवर असाल, तर पिनियन एकच असूनही गिअरिंग एक नसते. टायर मोजा आणि शीटवर पिनियनबरोबर व्यासही लिहा. फेरी संपताच मोटरचे तापमान घ्या आणि तेही लिहा. ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ लागले तर पिनियनचा एक दात कमी करा. जास्त तापून रोटरच्या चुंबकाची शक्ती घटली की ती परत येत नाही.

प्रतिसाद ६

सेटअपपलीकडचेही थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण मी एक संघ याच कारणाने सोडला.

स्पर्धेच्या दिवशी संघाचे खरे स्वरूप फायनलच्या आधीच्या तासात दिसते. ए-मेनमध्ये गेलेल्याच्या गाडीभोवती चार जण आणि सी-मेनमधला एकटा, असे चित्र मी पाहिले आहे. माझ्या पहिल्या वर्षी फायनलला दहा मिनिटे असताना माझ्या गाडीचा चाकांना शक्ती पोचवणारा पट्टा तुटला, आणि संघाच्या डब्यातला एकच जादा पट्टा "ए-मेनसाठी लागेल" म्हणून मला मिळाला नाही. तो त्या दिवशी कोणालाच लागला नाही. मला राग पट्ट्याचा नव्हता, कोणी आधी तसे सांगितले नव्हते याचा होता. म्हणून धागालेखकांनी पुढच्या स्पर्धेआधी संघात स्पष्ट विचारून घ्यावे की सामाईक सुटे भाग कोणते, ते कोणी वापरले तर भरून कोणी द्यायचे आणि अडचणीच्या वेळी प्राधान्य कोणाला.

मार्शलचेही ठरवून घ्या. आपली फेरी संपली की बहुतेक ठिकाणी पुढच्या फेरीला मार्शल म्हणून उभे राहावे लागते आणि न गेल्यास निकालातून वजावट होते. संघ असेल तर त्या वेळात तुमची बॅटरी चार्जरला लावणारा आणि मोटरचे तापमान घेणारा दुसरा कोणीतरी असतो. लिथियम पॉलिमर बॅटरी दोन सेलची असेल तर ८.४० व्होल्टच्या वर एक शतांशही जाता कामा नये. तपासणीत ती जास्त निघाली तर चूक सहकाऱ्याची असली तरी फेरी तुमची जाते. हे काम कोणावर सोपवायचे ते विश्वास बघून ठरवा.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. दुसरी स्पर्धा मागच्या आठवड्यात झाली, म्हणून थांबून लिहितो आहे.

प्रतिसाद ४ वाचल्यावर मी त्याच संध्याकाळी गाडी फरशीवर ठेवली. उजवे पुढचे चाक सुटल्यानंतर डावे चाक चांगले दीड मिलिमीटरभर टेकूनच होते. वरचा डेक सैल करून परत बसवला आणि दोन्ही चाके एकदम सुटू लागली. शॉक सारखे होते. डिफ मी संघाच्या पद्धतीने तोलून पुन्हा भरले, तेव्हा आधी त्यात तेल कमी भरले गेले होते हे लक्षात आले.

पण खरा उलगडा टायरचा झाला. मी सहा वर्षे पुढच्या टायरच्या आतल्या अर्ध्या भागालाच ॲडिटिव्ह लावत आलो आहे, कारण माझी जुनी गाडी तशीच चालायची. संघातले चौघेही पूर्ण रुंदीला लावतात. हे शीटवर कुठेच नव्हते. चौघांनाही ते इतके अंगवळणी पडले होते की लिहायची गरज कोणाला वाटली नव्हती, आणि मी विचारले नव्हते कारण टायर तयार करणे मला येते असे मी धरून चाललो होतो. पहिल्या सत्रातले सुस्त नाक बहुतांशी तेवढ्यानेच आले होते. टायर तापल्यावर ते आपोआप सुधारणार होते, आणि त्याच्या आतच मी पुढची पकड वाढवणारे तीन बदल एकावर एक रचले. दुसऱ्या मिनिटानंतर मागची बाजू का सुटत होती, हे आता मला कोणी न सांगता कळते.

मी हे अनुभवी सहकाऱ्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने सेटअप शीट काढली आणि खाली हाताने दोन ओळी वाढवल्या : ॲडिटिव्हची रुंदी व मिनिटे, आणि डिफमधल्या तेलाचे वजन. नवी शीट आता पाचही जणांकडे आहे.

दुसऱ्या स्पर्धेत चॅसिसवर मी दिवसभरात एकच बदल केला आणि तो आधी सांगून केला. ट्रान्समीटरमध्ये मात्र सुचवल्याप्रमाणे ड्रॅग ब्रेक आणि स्टीअरिंगचा वेग माझ्या हाताप्रमाणे ठेवला. प्रतिसाद २ चे म्हणणे मला इथे पटले. माझा ड्रॅग ब्रेक इतर चौघांपेक्षा बराच जास्त आहे आणि त्यांच्यापैकी कोणालाही माझी गाडी चालवायला आवडली नाही, तरीही तिच्यावरचे सगळे स्क्रू त्यांच्या गाडीसारखेच आहेत. चार फेऱ्यांपैकी तीन फेऱ्या एकदाही न आदळता पूर्ण झाल्या. बी-मेनमध्ये तिसऱ्या जागेवरून निघालो आणि दुसरा आलो.

तिसऱ्या फेरीनंतर मी उतरलो तेव्हा तो सहकारी वही घेऊन खाली उभा होता. मी सांगितले : वेगवान उजव्या वळणात, थ्रॉटल पुन्हा देताना, चौथ्या मिनिटापासून मागची बाजू हलकी होते, हळू वळणांत नाही. त्याने लिहून घेतले, स्वतःच्या गाडीचा मागचा ड्रूप थोडा कमी केला आणि ए-मेनच्या पहिल्या लेगला (अंतिम शर्यतीच्या पहिल्या टप्प्याला) ती तशीच नेली. लेग संपल्यावर तो येऊन म्हणाला, "तुझ्या गाडीलाही तेवढेच कर."

पट्ट्याचा प्रश्नही विचारून घेतला. संघाच्या डब्यात आता प्रत्येकाच्या नावाचा एक पट्टा वेगळा ठेवला आहे.